शिनाई, श्रेणी आणि सरती वर्षे

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात भरलेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



हीरक महोत्सवाच्या भाषणात मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा, देणगीदारांचे आभार मानावेत आणि निकालाची टक्केवारी वाचून दाखवावी, असा संकेत आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आपल्या कार्यवाहांनी माझ्याआधी अतिशय नेटकेपणाने केल्या आहेत आणि तिसरी मागच्या फलकावर लिहिलेली आहे. त्यामुळे मी आज एका परक्या विषयावर बोलण्याची मोकळीक घेते. विषय आहे जपानमधील तलवारबाजी, म्हणजे केंडो. मी मराठी विषयाची एम. ए., बी. एड. झालेली बाई. हातात धरलेले एकमेव शस्त्र म्हणजे छडी, आणि तीही नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कपाटात ठेवून दिली. तेव्हा तलवारीबद्दल अधिकाराने बोलण्याचा माझा दावा नाही. परंतु दोन वर्षांपूर्वी मी एका संध्याकाळी जे पाहिले, त्याने माझ्या एका जुन्या निर्णयाला असे काही टोचले, की ते आपणांस सांगितल्यावाचून मला या खुर्चीवरून उठता येणार नाही.

आपल्याच शाळेचा एक विद्यार्थी तोक्योमध्ये नोकरीला आहे. एदोगावा विभागातल्या निशिकासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तिथे तो राहतो. दहावीला शाळेत पहिला आलेला, वक्तृत्वाची ढाल घरी नेलेला हा मुलगा. समोर बसलेल्यांपैकी त्याच्या तुकडीतल्यांना तो कोण हे कळलेच असेल. त्याच्या आणि सूनबाईंच्या आग्रहावरून मी दहा दिवस त्यांच्याकडे राहिले. एका मंगळवारी संध्याकाळी तो म्हणाला, "बाई, आज माझी तालीम आहे. बघायला येता?" मला वाटले, गाण्याची असेल. त्याने दाराआडून एक लांबट पिशवी आणि पाठीवर मावणार नाही एवढे गाठोडे काढले.

विभागाच्या क्रीडागृहातला तो लाकडी तक्तपोशीचा दालनवजा हॉल होता. तीसेक माणसे होती. नऊ-दहा वर्षांच्या मुली होत्या, कचेरीतून थेट आलेले पुरुष होते, एक गृहिणी होती, आणि भिंतीच्या मानाच्या बाजूला पाच-सहा वृद्ध गुडघे मोडून बसले होते. सर्वांच्या अंगात गडद निळी वस्त्रे. थंडी होती, आणि सगळे अनवाणी. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर शाल पांघरून बसले. प्रत्येकाने प्रथम आपापली बांबूची तलवार उचलून डोळ्यांजवळ नेली आणि तिच्या चारही पट्ट्यांवरून बोट फिरवले. बांबूची कुसळे निघालेली असली तर ती समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकतात. म्हणून आधी समोरच्याची काळजी, मग त्याच्यावर वार. मला ही सुरुवातच आवडली.

थोडे या कलेविषयी सांगते. 'केन' म्हणजे तलवार आणि 'दो' म्हणजे मार्ग. सामुराईंच्या खऱ्या तलवारीने सराव करायचा तर शिष्य उरणार नाहीत, आणि लाकडी तलवारीने केला तरी हाडे उरणार नाहीत. म्हणून अठराव्या शतकाच्या आरंभी, १७११ ते १७१६ या शोतोकू कालखंडात, नागानुमा शिरोझाएमोन कुनिसातो या गुरूने बांबूची तलवार आणि अंगावरचे संरक्षक कवच यांना आजच्यासारखे रूप देण्यास आरंभ केला, असे मानले जाते. त्या तलवारीला शिनाई म्हणतात. मोठ्या माणसांची शिनाई जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर लांब असते. चार बांबूपट्ट्या, मुठीवर चामडे, टोकाला चामड्याची टोपी आणि ती ताणून धरणारी दोरी, एवढाच तिचा संसार. डोक्यावर जाळीदार शिरस्त्राण, मनगटावर जाड हातमोजे, छातीवर ढाल आणि कमरेला पट्ट्यांचे कवच. वार करण्याच्या जागा मोजक्या: मस्तक, मनगट, बरगडीखालची कूस आणि कंठ. वार करताना त्या जागेचे नाव मोठ्याने पुकारावे लागते. 'मेन' म्हणजे मस्तक, 'कोते' म्हणजे मनगट. जागा एक सांगून दुसरीकडे मारणे चालत नाही. आपल्या राजकारणाला हा नियम झेपणार नाही.

१८९५ साली क्योतो येथे युद्धकलांची एक मोठी संस्था स्थापन झाली, १९११ साली ही विद्या जपानच्या माध्यमिक शाळांत शिकवण्याची परवानगी मिळाली, आणि पुढे लष्करशाहीच्या काळात ती विद्यार्थ्यांना युद्धासाठी तयार करण्याचे हत्यार बनली. हा तिच्या इतिहासातला काळा भाग आहे, तो झाकण्याचे कारण नाही. पराभवानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताबेदारीत तिच्यावर बंदी आली. १९५२ साली नवा महासंघ निर्माण झाला आणि कला पुन्हा उभी राहिली, पण वेगळा प्रश्न विचारत. १९७५ साली महासंघाने या विद्येचा हेतू थोडक्या शब्दांत नोंदवला: तलवारीच्या तत्त्वांच्या आधाराने माणसाचे शील घडवणे. २०१२ पासून जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शाळांत कोणती तरी पारंपरिक युद्धकला शिकणे सक्तीचे आहे आणि केंडो त्यांपैकी एक आहे. सक्तीने शील घडते का, हा प्रश्न त्यांनाही पडत असेलच. आम्हांलाही मूल्यशिक्षणाच्या तासाला पडतो.

आता तंत्राकडे येते, कारण माझी खरी ओढ तिथे आहे. शिनाई अंगाला लागली म्हणजे गुण मिळाला, असे इथे नाही. गुण मिळण्यासाठी आत्मबल, तलवार आणि देह या तिघांनी एका क्षणी पोहोचावे लागते. आवाजात जोर असून पाय मागे राहिला तर गुण नाही. पाय धडधडत पुढे गेला आणि तलवार तिरकी लागली तरी नाही. आणि हे सर्व जमले, तरी एक अट उरतेच. तिला ते 'झानशिन' म्हणतात. मराठीत 'उरलेले मन' म्हणता येईल. वार झाल्यावर पुढे जाऊन, वळून, तलवार पुन्हा रोखून, सावध उभे राहायचे. वार साधल्याच्या आनंदात हात उंचावला, मूठ आवळून उडी मारली, तर मिळालेला गुण पंच काढून घेऊ शकतात. सामन्यात तीन पंच असतात, लाल आणि पांढरी निशाणे घेतलेले. दोघांचे एकमत झाले की गुण, आणि पाच मिनिटांत दोन गुण आधी मिळवील तो विजयी. म्हणजे विजय मिळाल्यावर दिसणारे वर्तन हा त्या विजयाचाच भाग आहे. आपल्या शाळेच्या निकालाच्या दिवशी फाटकाबाहेर वाजणारा ताशा मला त्या हॉलमध्ये आठवला. ताशाला माझा विरोध नाही. मी फक्त तो आठवला म्हणून सांगते.

सरावाला ते 'केइको' म्हणतात. त्या शब्दाच्या चिन्हांचा अर्थ 'जुन्याचा विचार करणे' असा आहे. मराठीतला 'तालीम' हा शब्द कुस्तीच्या हौद्यापासून नाटकाच्या रंगमंचापर्यंत पसरला आहे, 'रियाज' गाण्याच्या घरात राहिला आहे. पण सरावाच्या नावातच पूर्वसूरींचे स्मरण बसवलेला शब्द आपल्याकडे मला सापडला नाही. भाषेच्या शिक्षकांनी शोधावा.

मग श्रेणीचा विषय. ज्यूदोमध्ये रंगीत पट्टे असतात हे आपण जाणता. कानो जिगोरो यांनी १८८३ साली ज्यूदोत पहिली 'दान' श्रेणी दिली आणि त्या पद्धतीचे अनुकरण पुढे इतर कलांत झाले. केंडोतही दान आहेत, परंतु अंगावर त्याची कोणतीही खूण नाही. नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे गुरुजी, दोघांच्या निळ्या वस्त्रांत फरक नाही. मी माझ्या विद्यार्थ्याला विचारले, "मग कोण कोणत्या पायरीवर आहे हे कळते कसे?" तो म्हणाला, "तलवार समोर धरून उभे राहिले की कळते, बाई." आम्ही गणवेशावर बिल्ले लावतो, मॉनिटरचा लाल, गटप्रमुखाचा निळा. मी मनात त्याची नोंद केली.

पहिल्या दानच्या आधी 'क्यू' नावाच्या पायऱ्या आहेत. पहिल्या दाननंतर दुसऱ्यासाठी १ वर्ष थांबायचे, तिसऱ्यासाठी २, चौथ्यासाठी ३, पाचव्यासाठी ४, सहाव्यासाठी ५ आणि सातव्यासाठी ६ वर्षे. सातव्यानंतर आठव्यासाठी १० वर्षे, शिवाय वय किमान ४६ असावे लागते. बेरीज करून पाहा: कुठेही न अडखळता गेले तरी पहिल्यापासून आठव्यापर्यंत ३१ वर्षे. पूर्वी नववी आणि दहावी दानही देत असत. २००० सालापासून ती देणे बंद झाले, त्यामुळे आठवी हेच आता टोक. ती परीक्षा मे महिन्यात क्योतोला आणि नोव्हेंबरमध्ये तोक्योला होते. हजारांहून अधिक उमेदवार बसतात आणि उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण शंभरात एक, कधी त्याहूनही कमी असते. या परीक्षेत दोन-दोन मिनिटांच्या दोन लढती होतात. त्यांतून जे थोडे वर येतील त्यांची पुन्हा तशीच फेरी आणि मग ठरीव आकृतिबंधांची परीक्षा. दहा वर्षांची तयारी आणि सारे मिळून चार मिनिटांत बरेचसे घरी.

परीक्षेत कोणी किती वार केले याची मोजणी होत नाही, ही गोष्ट मला समजायला वेळ लागला. उमेदवारांच्या जोड्या वयाच्या क्रमाने लावतात, म्हणजे साठीच्या माणसासमोर पंचविशीचा जवान येत नाही. दोघेही उत्तीर्ण होऊ शकतात, दोघेही अनुत्तीर्ण होऊ शकतात. समोरचा हा प्रतिस्पर्धी नसून आपली विद्या दिसावी यासाठी लागणारा आरसा आहे. आपल्याकडे पहिला क्रमांक यावा म्हणून दुसऱ्याला दुसरा यावे लागते.

या पद्धतीला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. केंडोची भगिनी म्हणावी अशी 'इआइदो' नावाची, तलवार म्यानातून उपसण्याची कला आहे. तिच्या वरच्या श्रेणींसाठी पैसे दिले-घेतले गेल्याचे २०१८ साली उघडकीस आले आणि जपानी वृत्तपत्रांत त्याचा गाजावाजा झाला. जिथे परीक्षक माणसे आहेत तिथे हेही आलेच. श्रेणी जितकी दुर्मीळ, तितका तिचा मोह मोठा.

माझा विद्यार्थी अकरा वर्षांपूर्वी, एकतिसाव्या वर्षी तिथे पहिल्यांदा शिनाई धरायला शिकला. तिसऱ्या दानपर्यंत तो न थांबता गेला. चौथीत मी गेले तोवर तीनदा अनुत्तीर्ण झाला होता. जन्मात कधी दुसरा क्रमांक न पाहिलेला मुलगा. जेवताना तो हे हसत सांगत होता, पण सूनबाई हसत नव्हत्या. परीक्षेनंतर भिंतीवर उत्तीर्णांचे क्रमांक लावतात, त्यात आपला नसला की पिशवी उचलून निघायचे. काय चुकले हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याच्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, तिसऱ्या वेळी एवढेच म्हटले, की तू चांगला मारतोस, परंतु मारण्यापूर्वी तुझे काही घडत नाही.

हे वाक्य मला समजले नाही. त्या मंगळवारी ते समजले.

सेन्सेई अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. चालताना डावा पाय किंचित ओढत होते. या कलेत डावी टाच सदैव उचललेली असते आणि साऱ्या देहाचा झेपावा त्या पायाच्या रेट्यावर होतो, म्हणून वाढत्या वयात टाचेमागची शीर दुखावणाऱ्यांची संख्या फार. कवच चढवायला त्यांना इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागला आणि सारा हॉल, काहीही न बोलता, तेवढा वेळ थांबला. मग ते मानाच्या बाजूला उभे राहिले आणि त्यांच्यापुढे रांग लागली. ज्येष्ठांनी उभे राहायचे आणि कनिष्ठांनी एकामागून एक त्यांच्याशी खेळायला यायचे, अशी तिथली रीत आहे. अशा उभे राहणाऱ्याला 'मोतोदाची' म्हणतात. त्याचे काम जिंकणे हे नसते. लहानग्याने नीट वार केला तर तो आपले मस्तक त्याला मिळू देतो, नीट केला नाही तर देत नाही. ती नऊ वर्षांची मुलगी आली, किंचाळत मस्तकावर वार करून गेली, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने तो वार डोक्यावर घेतला. पुन्हा आली, पुन्हा घेतला. तिसऱ्या वेळी तिचा पाय मागे राहिला, तेव्हा त्यांची तलवार तिच्या वाटेत नुसती उभी राहिली आणि ती थबकली. कोणी काही बोलले नाही. चौथ्या वेळी तिचा पाय बरोबर पडला.

मग माझ्या विद्यार्थ्याची पाळी आली. तो उंच, सशक्त, त्यांच्याहून पस्तीस-छत्तीस वर्षांनी लहान. दोघे समोरासमोर तलवारी रोखून उभे राहिले. सेन्सेई अर्धे पाऊल पुढे सरकले, बस्स. हा एक पाऊल मागे गेला. ते पुन्हा बोटभर पुढे आले, आणि याचा धीर सुटून हा मस्तकावर झेपावला. तो झेपावण्यास सुरुवात करतो न करतो तोच त्याच्या मनगटावर शिनाईचा लहानसा, कोरडा आवाज झाला. त्यांचे हात जेमतेम हलले असतील. हे एकदा नव्हे, सात-आठ वेळा झाले. घामाघूम होऊन तो परतला तेव्हा मी त्याला म्हटले, "अरे, ते तर जागचे हललेही नाहीत." तो म्हणाला, "बाई, त्यांनी मला हलवले."

वार करण्यापूर्वी पुढे सरकून, तलवारीच्या टोकाने आणि नजरेने समोरच्यावर जो दाब आणायचा, त्याला 'सेमे' म्हणतात. ज्याला सेमे साधते त्याला वेगाची गरज कमी पडते, कारण समोरचा कधी निघणार हे तोच ठरवतो. तरुण माणूस अंतर पायाने कापतो; म्हाताऱ्याला ते मनाने कापावे लागते, कारण पाय उरलेले नसतात. या विद्येत जुने एक सूत्र आहे, त्यात महत्त्वाच्या गोष्टींचा क्रम लावला आहे: पहिले डोळे, दुसरे पाय, तिसरे धैर्य, आणि चौथ्या क्रमांकावर बळ. शरीराला उतार लागतो तेव्हा प्रथम बळ जाते, म्हणजे यादीतली शेवटची गोष्ट. पाय जातात तेव्हा मात्र हानी मोठी होते. यादी करणाऱ्यांना ते ठाऊक असावे. डोळे म्हणजे इथे दृष्टी नव्हे, पाहणे. चष्म्याचा नंबर वाढत असताना ते वाढू शकते.

स्पर्धा मात्र तरुणच जिंकतात, याविषयी भ्रम नको. जपानची राष्ट्रीय स्पर्धा १९५३ पासून होते. २०१४ साली ती ताकेनोउची युया या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जिंकली. मियाझाकी मासाहिरो यांनी ती सहा वेळा जिंकली आणि तेही तरुण वयात. परंतु तिथे सुवर्णपदकाच्या जोरावर वरची दान मिळत नाही, वर्षे मोजावीच लागतात. चपळाई आणि परिपक्वता यांचे मोजमाप त्यांनी दोन वेगळ्या तराजूंत ठेवले आहे.

मोचिदा मोरिजी हे विसाव्या शतकातले नामवंत केंडो गुरू. जन्म १८८५चा. १९२९ साली सम्राटांच्या उपस्थितीत झालेली स्पर्धा त्यांनी व्यावसायिक शिक्षकांच्या गटात जिंकली, तेव्हा त्यांचे वय ४४ होते. तोक्योच्या नोमा दोजोत त्यांनी दीर्घकाळ शिकवले, १९५७ साली त्यांना दहावी दान मिळाली आणि १९७४ साली ते निवर्तले. उतारवयात त्यांनी जे सांगितले असे म्हणतात त्याचा आशय माझ्या विद्यार्थ्याने मला ऐकवला. पन्नाशीपर्यंत ते पायाभूत गोष्टीच अंगी बाणवत होते आणि खरी तालीम पन्नाशीनंतर सुरू झाली. साठीत पाय दुबळे झाले, तेव्हा मनाने ती उणीव भरून काढायचा प्रयत्न केला. सत्तरीत सारे शरीर दुबळे झाले, तेव्हा मन न हलू देण्याचा अभ्यास केला. ऐंशीत ते हलेनासे झाले. तरी अधूनमधून भलता विचार शिरतोच, तो शिरू नये म्हणून खटपट चालू आहे. हे ऐकताना मी चौपन्न वर्षांची होते. शाळेत आम्ही पन्नाशीनंतर भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब करू लागतो.

आता तो निर्णय.

नऊ वर्षांपूर्वी मी मुख्याध्यापिका झाले. त्या वर्षी गणिताचे एक ज्येष्ठ सर दहावीला शिकवत होते. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षे उरली होती. आपल्यापैकी अनेकांना ते शिकवायला होते, म्हणून नाव घेत नाही. त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते, फळ्यावरचा हात मंदावला होता, भाग वेळेत संपत नव्हता. पालकांचे शिष्टमंडळ दोनदा मला भेटून गेले. त्यांची तक्रार खोटी नव्हती. दहावीच्या मुलांचे वर्ष परत येत नाही. मी जूनच्या पहिल्या बैठकीत नवे वेळापत्रक वाचून दाखवले आणि सरांना पाचवीचे वर्ग दिले. म्हटले, "सर, आपला भार थोडा हलका केला आहे." ते म्हणाले, "ठीक आहे, बाई." आणि खडूची पेटी उचलून पाचवीच्या जिन्याकडे गेले. चार वर्षे त्यांनी पाचवीला शिकवले, निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ दिले. त्या चार वर्षांत मी एकदाही त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले नाही. दहावीच्या वर्गांवर मात्र महिन्यातून दोनदा जात असे.

तोक्योच्या त्या हॉलमध्ये, एका मुलीचा वार डोक्यावर घेणाऱ्या वृद्धाकडे पाहताना मला सर दिसले. ती मुलगी पहिल्या पायरीवर होती, आणि तिच्यासमोर त्या हॉलमधला सर्वांत मोठा माणूस उभा होता. कोणी त्याचा भार हलका करून त्याला तिथे पाठवले नव्हते. ती मानाची जागा होती, आणि रांग त्याच्यापुढेच सर्वांत लांब होती. मी सरांना जिथे पाठवले ती जागा कदाचित योग्यच होती. पाठवण्याची माझी रीत मात्र शिक्षेची होती.

परतल्यावर मी चौकशी केली. आमच्या नववीच्या गणिताच्या बाईंची एका तुकडीबद्दल जुनी कुरकुर होती, की ही मुले उदाहरण दिले की लगेच वहीत आकडेमोड सुरू करत नाहीत, नुसती बघत बसतात. ही तुकडी सरांच्या हाताखालून गेलेली. त्यांच्या पाचवीच्या वर्गात नियम होता म्हणे, की उदाहरण वाचल्यावर पेन्सिल खाली ठेवायची आणि काय विचारले आहे ते आधी शेजाऱ्याला सांगायचे. त्या मुलांचे गुण इतरांपेक्षा वाढले असे मी सांगणार नाही, तसा हिशेब मी ठेवलेला नाही. फक्त इतकेच, की चार वर्षे माझ्या शाळेत हे घडत होते आणि मला ठाऊक नव्हते.

मी सरांच्या घरी गेले. आता त्यांना ऐकू यायला फार जवळ बसावे लागते. केंडोची सारी हकीकत सांगितली, त्या मुलीची, रांगेची. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले, त्या डाव्या टाचेच्या दुखण्याबद्दल दोन प्रश्न विचारले. मग म्हणाले, "पाचवीचे मला वाईट वाटले नाही, बाई. दहावीला मी कमी पडत होतो हे तुमच्याआधी मला कळले होते. तुम्ही भर बैठकीत वाचून दाखवलेत, आधी विचारले नाहीत, त्याचे वाटले. अजून वाटते." मी क्षमा मागितली. त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितले. क्षमा केली की नाही, ते ते बोलले नाहीत आणि मी पुन्हा विचारले नाही.

पालकांपैकी काही जण मनात म्हणत असतील, की बाई, म्हणजे आमची तक्रार चुकीची होती का? नव्हती. आजही दहावीचा वर्ग मी कमी ऐकू येणाऱ्या शिक्षकाकडे देणार नाही. माझ्यापुढे प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे. परमुलखातल्या मराठी शाळेत शिक्षक मिळवणे किती कठीण आहे हे समितीला ठाऊक आहे. येत्या सहा वर्षांत आमच्यापैकी सात जण निवृत्त होतील. त्यांना शेवटची चार-पाच वर्षे कुठे उभे करायचे, आणि त्यांच्यापुढे रांग लागेल अशा रीतीने कसे उभे करायचे, हे ठरवायला हवे. समितीकडे मी एक टिपण दिले आहे. त्यात पहिला मुद्दा असा, की वर्गबदल करण्यापूर्वी त्या शिक्षकाशी मुख्याध्यापकाने एकांतात बोलावे. दुसरा असा, की पाचवीच्या प्रत्येक तुकडीला किमान एक विषय शाळेतल्या सर्वांत ज्येष्ठ तीन शिक्षकांपैकी कोणी तरी शिकवावा. ज्येष्ठांच्या यादीत दुसरे नाव माझे आहे. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. या जूनपासून पाचवी 'ब'चा मराठीचा तास मी घेते. पहिल्या आठवड्यात मुलांनी मला इतके प्रश्न विचारले, की दहावीला वीस वर्षे शिकवून मी किती सोप्या गोष्टी सोडून दिल्या होत्या ते कळले. 'ळ' या अक्षराने एकही शब्द का सुरू होत नाही, असे एकीने विचारले. उत्तर द्यायला मी दोन दिवस मागून घेतले.

त्या सेन्सेईंविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. ते सातव्या दानचे आहेत. आठवीच्या परीक्षेला ते किती वेळा बसले हे माझ्या विद्यार्थ्याने त्यांना कधी विचारले नाही, परंतु दर मे महिन्यात ते क्योतोला जातात हे सर्वांना माहीत आहे. गेल्या महिन्यात मला त्याचा निरोप आला, तो आपल्या परवानगीने वाचते: "बाई, चौथ्यांदाही माझा क्रमांक लागला नाही. सेन्सेई क्योतोहून परत आले, त्यांचाही नाही. मंगळवारी तालीम आहे."